निलोचा खळगा

आदेमारने टिपरू उचललं आणि ढोलावर त्याच जागी पुन्हा मारायला सुरुवात केली. कातड्यावर नव्हे, काठाखाली चार बोटं, लाकडावर. सहा दिवस त्याचं हेच चाललं होतं. आधी कानशीने खळगा कोरून झाला, मग पॉलिश पेपरने कडा मोडल्या, मग माते नावाच्या कडू पाल्याच्या काढ्याचा उकळलेला चोथा चोळून नवं लाकूड काळवंडवलं. एका माणसाने तीस वर्षं वाजवून जे झिजवलं होतं ते आठवड्यात झिजवायला तो बसला होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

ढोल दोन्या एलिदाचा; वडीलधाऱ्या बाईला इथे दोन्या म्हणतात. म्हणजे तिच्या नवऱ्याचा, निलोचा. निलो गेला तेव्हा त्यांची ग्रिसेल दोन वर्षांची होती. तेव्हापासून सव्वीस वर्षं ढोल कपाटावर चादरीखाली होता. आता ग्रिसेल वस्तीच्या पथकात वाजवू लागली होती आणि तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, तिने बापाचा ढोल खांद्यावर घ्यायचा असं ठरलं होतं. नोव्हेंबरात एलिदा तो घेऊन आली आणि म्हणाली, कातडं फाटलंय, तेवढं बघ.

तेवढं बघून थांबेल तर तो आदेमार कसला. काठाखाली, जिथे टिपरूने ताल धरतात तिथे, दोन फळ्या पार झिजलेल्या दिसल्या, त्या त्याने काढल्या आणि नव्या बसवल्या. खांद्याचा पट्टा अडकवायची कडी गंजली होती, तीही काढली, भोकात लांबी भरली, नवी कडी नव्या जागी लावली. वर पथकाचा तांबडा-काळा रंग चढवला. जुन्या फळ्या दारामागच्या पेटीत टाकल्या. आमच्या पालेर्मो वस्तीत दर रविवारी वाजवण्याआधी रस्त्यात जाळ करून ढोलांची कातडी तापवतात, आणि जाळाला घराघरातून लाकूड येतं. आदेमारच्या पेटीतलं लाकूड सगळ्यांना आवडायचं. जुनं, सुकं, धूर न करणारं.

त्याच्या भिंतीवर तेवीस जुने ढोल टांगलेले होते. कुणी विचारलं, बाबा रे, हा नाद कशासाठी, की तो आपली गोष्ट सांगायचा. तो नऊ वर्षांचा असताना त्यांची चाळ रिकामी करायला ट्रक आले. ट्रकात मावेना ते लोकांनी अंगणातल्या जाळात टाकलं, त्यात त्याच्या मामाचा ढोल. जळता जळता कातडं इतकं ताणलं गेलं की शेवटी ते एकदा आपोआप वाजलं आणि फुटलं. तो आवाज ऐकला आणि ठरवलं, आपल्या देखत एकही ढोल जळू द्यायचा नाही. ही गोष्ट तो रंगवून सांगायचा. डिसेंबरपासून त्याने ती सांगणं बंद केलं होतं.

डिसेंबरात एलिदा माते घेऊन आली होती. पेला एकच, ती भरून द्यायची आणि तो पिऊन परत करायचा. जो ‘आभार’ म्हणेल त्याला पुरे झालं, त्याच्याकडे पेला पुन्हा येत नाही. त्या दिवशी चौथ्या पेल्याला ती सहज बोलली.

“रंग दे, काय हवं ते कर. पण ती झिजलेली जागा आहे ना, दर रविवारी स्टुलावर चढून पुसताना मी तिथे हात ठेवायचे. ग्रिसेलला कधी हात लावू दिला नाही. म्हटलं, वाजवशील तेव्हा आधी तिथेच ठेव.”

ढोल कोपऱ्यात फडक्याखाली होता आणि फळ्या तीन रविवारांपूर्वीच जळल्या होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. आदेमार ‘हो, दोन्या एलिदा’ म्हणाला आणि पुढचा पेला येण्याआधीच आभार म्हणून मोकळा झाला.

पाच जानेवारीला सकाळी ती आली. ढोल बघून खूश झाली, रंगाला नावाजलं. मग तिने चष्मा काढला आणि कडीच्या डाव्या अंगाला तळहात ठेवला. हात जागेवरच थोडा फिरला. मग हळूहळू कडीवरून उजवीकडे गेला आणि खळग्यात थांबला.

“ही जागा कुणाची?”

आदेमार फडक्याने टिपरू पुसू लागला.

“निलो डावखुरा होता, आदेमार.”

त्याच्या पाहण्यातले सगळे वाजवणारे उजव्या हाताचे, म्हणून खळगा त्याने कडीच्या उजवीकडे कोरला होता. जुनी कडी काढताना खळगा तिच्या कुठल्या अंगाला आहे हे पाहायचंही त्याला सुचलं नव्हतं.

“फळ्या कुठेत?”

“रविवारच्या जाळात गेल्या.”

ती भिंतीवरच्या तेवीस ढोलांकडे पाहत राहिली. त्याच्या मामाच्या ढोलाची गोष्ट तिने किती वेळा ऐकली होती, तेवढं ती म्हणाली. मग चष्मा लावला.

“ग्रिसेलला सांगायचं नाही.”

“सांगतो मी तिला. चूक माझी आहे, दोन्या एलिदा.”

“तू सांगून मोकळा होशील. तिच्याकडे काय उरेल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात जाळ पेटला. आदेमारने या खेपेला लाकूड आणलं नाही, लोकांनी खोकी फाडून टाकली. एलिदा फुटपाथवर खुर्ची टाकून माते भरत होती. कातडं तापलं, ग्रिसेलने पट्टा खांद्यावर घेतला आणि थेट त्याच्यापाशी आली.

“आदेमारकाका, बाबा इथेच मारायचे ना?”

त्याने एलिदाकडे पाहिलं. ती पेल्यात पाणी ओतत होती.

“हो,” तो म्हणाला. “इथेच.”

ग्रिसेलने खळग्यात तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हात नीट बसला. न बसायला काय झालं, काम आदेमारचं होतं. तिने त्याला मिठी मारली, आणि टिपरू घेऊन रांगेत गेली. पहिला ठोका तिने त्याच जागी, लाकडावर दिला.

एलिदाने पेला त्याच्यापुढे धरला, सगळ्यांसारखाच. त्याने तळापर्यंत ओढून घेतला आणि परत देताना म्हणाला, “आभार.”

“आत्ताशी एकच झालाय,” ती म्हणाली. तिने पेला पुन्हा भरला आणि त्याच्यापुढेच धरून ठेवला.