लांबट भोपळ्यांत दुसरा

कॅन्सरमध्ये स्तन काढल्यापासून लॉर्नाचा डावा हात सुजून टम्म झाला होता. "उंच ठेव, आराम दे," नर्स कानीकपाळी ओरडायची. पण घरात ऐकतो कोण?

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या तिच्या गावी कृषी प्रदर्शन होतं. लॉर्नाने सूज दाबणाऱ्या घट्ट पिवळट बाहीतला तो हात क्षणभर स्पर्धेतल्या लांबट भोपळ्यांच्या टेबलावर टेकवला, तर चष्मा विसरलेल्या परीक्षकाने त्यावर दुसऱ्या बक्षिसाची फीत बांधली.

"अहो, हात आहे तो माझा!"

"असेल. निकाल बदलत नाही. आणि चारपर्यंत टेबलावरचं काही हलवायचं नाही."

लॉर्ना चिडली, मग खुर्ची ओढून निवांत बसली. नवरा धावत आला.

"अगं, चहाच्या तंबूत कपांचा ढीग पडलाय!"

"नियम म्हणजे नियम, कीथ. कप तू विसळ. आणि पहिला नंबर कुणाला दिलाय त्या मेल्याने, तेवढं बघून ये."