लोकरीच्या भिंतीचा गोठा

अनसाबाईनं गोठा बांधायला काढला तेव्हा वाडीत कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. नवरा जाऊन पावसाळा उलटला होता. एक गाय, एक कालवड आणि पाच-सहा शेळ्या उघड्यावर होत्या, आणि औरादकडून येणारा थंडीचा वारा काही विधवेचं दार बघून वळत नाही. तिनं पंचांपुढं जाऊन रीतसर विचारलं. बिराप्पा हा वाडीतल्या धनगरांचा म्होरक्या. त्यानं चिलमीचा धूर सोडला आणि म्हणाला, "बांध की. गोठ्याला कोण न्हाई म्हणायलंय? मागघर मातर बांधायचं न्हाई. आन् मागाच्या खड्ड्यात पाय घालायचा न्हाई. बिरोबाला चालत न्हाई."

"बिरोबा कधी म्हणाला, अप्पा?"

"आमी म्हणायलोय, ते काय कमी हाय?"

"तसं सांगा की मग. देवाला कामून मधी घेता?"

पंच हसले. बाईमाणूस दुःखात आहे, बोलू द्या, असं एकानं दुसऱ्याकडं बघून मानेनंच सांगितलं.

वाडीत घोंगडी विणायचं काम पुरुषाचं. बायकांनी लोकर पिंजायची, सूत काढायचं, चिंचोके भाजून दळून खळ शिजवायची, ती ताण्याला पाजायची, ताणा उन्हात ओढून वाळवायचा. मग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागाला बसायचं, पायाखालच्या पावड्या दाबायच्या आणि आडव्या सुताचा धोटा फेकायचा, तेवढं पुरुषाचं. म्हणजे सगळा स्वयंपाक बाईनं करायचा आणि ताट वाढलं की पुरुषानं म्हणायचं, मी रांधलं. अनसाबाईनं लग्न झाल्यापासून हेच केलं होतं, खड्ड्याच्या काठावर बसून. काठावर बसणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. तिच्या नवऱ्याचा, निंगप्पाचा गुडघा सुजला त्या साली तिनं दार लोटून त्याच्या तीन घोंगड्या पुऱ्या केल्या. बाजारात घेणाऱ्यांनी त्या उन्हात धरून बघितल्या, पाणी ओतून बघितल्या आणि म्हणाले, निंगप्पाचा हात सुधारलाय. निंगप्पा घरी येऊन हे सांगताना इतका हसला की गुडघा धरून खाली बसला.

तो गेला आणि मागघर गेलं. ते दिराच्या, सिद्धाप्पाच्या जागेत होतं. त्यानं तेराव्यानंतर कुलूप लावलं. कुलूप लावायच्या आधी मात्र अनसाबाईनं आणि तिच्या सासूनं मिळून माग सोडवला, लाकडं डोक्यावरून घरी आणली आणि बाजेखाली सारली. बाणूबाई, तिची सासू, म्हणजे सिद्धाप्पाची सख्खी आई. नजर अधू, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

सिद्धाप्पानं बाजेखाली वाकून बघितलं. "ठिवा, वैनी. माझं पोरगं खड्ड्यात बसाया लागलं की न्यायला येतो. बाईच्या घरी माग म्हंजे बकरीच्या गळ्यात लोढणं."

"लोढणं वळू पळतंय म्हणून बांधत्यात," अनसाबाई म्हणाली. "मी कुठं पळायलेय?"

पोराला बसायला वर्षभर तरी होतं. तेवढ्या काळात माग उभा राहून चालू झाला तर राहील, नाहीतर बाजेखालची लाकडं सिद्धाप्पाच्या खांद्यावर बसून जातील, हे तिला कळून चुकलं. म्हणून गोठा.

आता गोठ्यात माग बसवायचा हे बोलायला सोपं आहे. वैशाखात ह्या भागात असं ऊन पडतं की ताण्याचा धागा कोरडा पडून पटापट तुटतो. पावसाळ्यात खळीला बुरशी येते. थंडीत बोटं आखडतात. गोठ्यात तर वर शेणामुताची ओल. सिद्धाप्पाला नुसतं कळलं असतं तरी तो हसून हसून मेला असता. पण अनसाबाईनं उलटं धरलं. गाय थंडीत शेगडीसारखी ऊब टाकते. तिच्या श्वासानं हवा ओलसर राहते, म्हणजे उन्हाळ्यात धागा कोरडा पडायचा नाही. नको असलेली ओल तेवढी बाहेर काढायची आणि हवी असलेली ऊब तेवढी आत धरायची. भिंत नीट असली की झालं.

तिनं भिंत दुहेरी केली. तुराट्यांचा एक कूड, त्याच्या बाहेर वीतभर जागा सोडून दुसरा कूड. दोन्हींना चिखलाचा गिलावा. मधल्या पोकळीत कडबा ठासला. सासू भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "बेस झालं. गोधडीच झाली की."

गोधडी शेळ्यांनी खाल्ली. आतल्या कुडाचा गिलावा ओला होता तोवर त्यांनी शिंगं घासून भोकं पाडली आणि तुराट्यांच्या फटींतून कडबा काडी काडी ओढला. अनसाबाई आठवड्यानं बघते तर शेळ्यांची पोटं तट्ट फुगलेली आणि भिंत पोटात गेल्यासारखी आत वाकलेली. शेळ्या राखण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं शेळ्यांसमोर कडब्याची भिंत बांधली, ह्याला काय म्हणावं? ती चिखलातच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं थोडं पाणी निंगप्पासाठी होतं. पण हसतानाचं पाणी कुणी वेगळं काढून बघत नाही.

"आता काय भरतीस?" सासूनं विचारलं.

"जे शेळी खात न्हाई ते."

दर कातरणीला मेंढराच्या पोटाखालची आणि पायाजवळची आखूड, मळकी लोकर उरते. तिचं सूत निघत नाही, लोक उकिरड्यावर टाकतात. अनसाबाई टोपली घेऊन वाडीभर हिंडली. "कामून गं?" म्हणून विचारलं की म्हणायची, "गाईला गादी करायलेय." लोकांनी तिच्या माघारी डोक्याजवळ बोट फिरवलं आणि टोपली भरून दिली. तिनं ती लोकर कडुनिंबाच्या उकळ्या पाण्यात बुडवली, म्हणजे कसर लागायची नाही. वाळवली आणि दोन कुडांच्या मधे काठीनं ठासली. माळवदावर तेच केलं. आडव्या काटक्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर लोकर, त्यावर जाड पांढरी माती चोपून. मूत वाहून जायला उतारावर दगडी चर काढला. जनावरं एका अंगाला, माग एका अंगाला, मधे कमरेएवढी भिंत. ऊब भिंतीवरून यावी, शेपटी येऊ नये.

आणि एक गोष्ट केली, ती सासूलासुद्धा सांगितली नाही. मागाचे मागचे दोन खुंटे तिनं नुसते जमिनीत पुरले नाहीत. ते उंच घेऊन माळवदाच्या तुळईखाली टेकवले आणि त्यांनाच गाईची गव्हाण बांधली.

खड्डा खणला, पावड्या टांगल्या, आणि ज्या सकाळी ताणा चढवला त्या सकाळी ती काठावर थोडी थांबली. सासू चातीवर सूत काढत होती. चाती न थांबवता म्हणाली, "पाय गार पडले का गं?"

"न्हाई, आत्या."

"मग घाल की."

तिनं पाय घातले.

ती अर्धी थंडी विणत होती आणि वाडीला पत्ता लागला नाही. हे तिच्या मनातही नव्हतं. मागाचा ठोका एरवी तीन घरं पलीकडं ऐकू जातो. पण लोकरीनं ऊब धरली तसा आवाजही धरला. बाहेरून जाणाऱ्याला फार तर गाय खूर आपटतेय असं वाटायचं. सासूला ह्याची फार मजा वाटली. अनसाबाईला वाटली नाही.

"लपूनच विणायचं होतं तर गुडघा सुजला तवा ह्यांच्या घोंगड्या पुऱ्या केल्याच होत्या की मी," ती म्हणाली. "मी लपवायली न्हाई, आत्या. भित बोलत न्हाई, त्याला मी काय करू?"

"भित बोलत न्हाई तर मी बोलते," म्हातारी म्हणाली. बिरोबाच्या जत्रेला ती नवी कोरी काळी घोंगडी खांद्यावर टाकून, सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली. बिराप्पानं घोंगडीचा काठ चिमटीत धरला, उलटून बघितला. विणकर माणूस, हात आपोआप गेला. "कुणाच्या हातची, अक्का?"

"माझ्या सुनंच्या."

दुसऱ्या दिवशी पंच दारात. पुढं बिराप्पा, मागं सिद्धाप्पा तणतणत. अनसाबाईनं ते येताना बघितलं आणि शेळ्या आतून सोडून दारातच बांधल्या. लेंड्या, मूत, चिखल, सगळं उंबऱ्यात. पंचांनी नाकं मुरडली, वहाणा चिखलात बुडवत एकामागं एक आत आले.

आत ऊब होती. बाहेर अंगावर काटा येत होता आणि आत आल्याबरोबर बिराप्पानं नकळत मफलर सैल केला. मग त्याला माग दिसला, अर्धी विणलेली घोंगडी दिसली.

"हे काय?"

"गोठा हाय, अप्पा."

"मागघर हाय हे!" सिद्धाप्पा ओरडला. "पंचांनी न्हाई म्हणलं आन् हिनं मागघर बांधलं! आई, तू बी?"

"मला दिसत न्हाई बाबा," बाणूबाई म्हणाली. चाती चालूच.

"मागघर?" अनसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मागघरात पाय कसा ठिवत्यात, भावजी? सांगा."

धनगराच्या मागघरात पायताण घालून कुणी जात नाही. देवाच्या दारात काढावी तशी वहाण उंबऱ्याबाहेर निघते. बिराप्पा तर आपल्या मागघराबाहेर वहाणा काढून, डोकं टेकवून मग आत जाणारा. त्यानं हळूच खाली बघितलं. वहाणा पायात होत्या, लेंड्यांसकट. सगळ्या पंचांच्या होत्या.

"तुमच्या पायांनी तुमी सांगितलंत, अप्पा," अनसाबाई म्हणाली. "मागघर असतं तर पाचजण वहाणा घालून आत आले असते व्हय? आन् मागघर समजून तसंच आला असाल तर दंड कुणाला बसवायचा, ते बी आत्ताच ठरवा."

कुणीतरी खोकलं. एका पंचानं वहाणेचा अंगठा मागं घेतला, पण आता मागं घेऊन काय उपयोग?

"अगं, पण खड्डा हाय की," बिराप्पा म्हणाला. आवाज उतरला होता.

"गोठ्यातला खड्डा हाय. गोठ्यात बाईनं कुठं पाय घालायचा, हे ठरवायला पंच बसत असतील तर उद्यापासून शेण बी पंचांनीच काढावं. मी मोकळी."

मागच्या दोघांना हसू आवरलं नाही. सिद्धाप्पाला ते हसू सहन झालं नाही. "गोठा तर गोठा! माग माझा हाय, माग मी नेणार. हे बघा आत्ता नेतो." तो मागच्या खुंट्याला जाऊन भिडला. खुंटा हलला नाही. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. खाली गव्हाण होती आणि गाय त्याचा सदरा हुंगत होती.

"ओढा, भावजी," अनसाबाई म्हणाली. "खुंट्यावर तुळई हाय, तुळईवर माळवद. सगळी माती, लोकर, पाला तुमच्या डोक्यावर येईल. माळवद गोठ्याचं. गोठा बांधायची परवानगी पंचांची. मोडायची बी त्यांनाच विचारा."

"मी ठाण्यातल्या जमादाराकडं जाईन!"

"जावा. त्याला उर्दूत सांगा, माझी भावजय घोंगडी विणती. तो विचारील, जुर्म क्या है? तवा काय सांगाल त्याची तयारी करून जावा."

सिद्धाप्पानं बिराप्पाकडं बघितलं. बिराप्पा मागाजवळ गेला होता. त्यानं ताण्यावर तळहात ठेवला, धागा बोटानं तटकन ओढून बघितला. तुटला नाही. तो भिंतीशी गेला, गिलाव्यावर बोटाची पेरं वाजवली, आवाज काही आला नाही. परत वाजवली.

"काय भरलंय गं हिच्यात?"

"तुमच्याच उकिरड्याची लोकर."

"हं." त्यानं तळहात भिंतीवर सपाट ठेवून ऊब बघितली. त्याच्या मागघरात ह्या दिवसांत बोटं फुंकून फुंकून विणावं लागतं, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. मग तो कुणाकडंही न बघता म्हणाला, "गोठाच हाय हा. चला."

हे म्हणताना त्याला काही फार आनंद झाला नव्हता. अनसाबाईनंही पाया पडून उपकार मानले नाहीत. पंच शेळ्यांना चुकवत, धोतरं उचलत बाहेर पडले. सिद्धाप्पा एकटा दारात राहिला. दार सताड उघडं, आणि बाहेरचा वारा सरळ ताण्यावर येत होता.

बाणूबाईची चाती थांबली. "सिद्धा, उभा कामून राहिलायस? दार लाव. ऊब जायली."

"आई, तू माझ्याकडं चल."

"तुझ्या घरी वारा येतो. आत ये न्हाई तर बाहीर जा, पण दार लाव."

सिद्धाप्पानं बाहेर जाऊन दार असं आपटलं की माळवदातून निंबाचा वाळका पाला ताण्यावर गळाला. अनसाबाईनं खड्ड्यात पाय सोडले. एक एक पान धाग्यांतून वेचून काढलं, वेचलेलं गाईपुढं टाकलं. गाईनं ते हुंगून सोडून दिलं. मग अनसाबाईनं पावडी दाबली आणि धोटा फेकला.