वळणावरची परीक्षा

तात्याचे कान गेलेत हे साऱ्या ट्राम डेपोला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबाला. अहो, बत्तीस वर्षं माणूस त्या एका वळणावर उभा! तिथं चाक रुळाला घासलं की अशी किंचाळी उठायची की शेजारपाजारचे खिडक्या लावून घेत. तात्या मात्र वाकून ब्रशनं रुळाच्या आतल्या कडेला वंगण लावायचा. रुळाच्या माथ्यावर थेंब जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ब्रेक लागत नाही. जाड आवाज त्याला अजून कळायचे, बारीक आवाज मात्र कधीच गेले होते.

पण पाय शाबूत होता. रुळालगतच्या दगडावर तळवा टेकवला की गाडी ओरडते की गप्प जाते, ते टाचेला कळायचं. ही विद्या त्यानं फक्त जावयाला दिली. जावई त्याच्याच शब्दावर हाताखाली लागला होता.

मग फर्मान निघालं. वंगणवाल्यांच्या कानांची परीक्षा, आणि नापास होईल त्याची नोकरी जाणार, डेपोचं क्वार्टरही जाणार. धसक्यानं तात्याचा पायावरचाही भरवसा उडाला.

"मामा, घाबरता कशाला?" जावई म्हणाला. "मी समोर उभा राहतो. गाडी ओरडली की टोपी काढतो. तुम्ही हात वर करा, झालं!"

"जावईबापू, देवासारखे धावून आलात हो," म्हणत म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

परीक्षेसाठी साहेबानं दोन दिवस वंगण बंद ठेवलं होतं. पहिल्या तीन गाड्या ओरडत गेल्या. तिन्ही वेळा टोपी निघाली, तिन्ही वेळा हात वर. साहेब खूश!

साहेबही काही कमी नव्हता. चौथी गाडी त्यानं मुद्दाम मुंगीच्या पावलानं आणवली. ती गुपचूप वळली. तात्याच्या टाचेला काही जाणवलं नाही, पण समोर टोपी निघाली. तो क्षणभर घुटमळला. मग मनाशी म्हणाला, म्हातारा पाय कधीतरी चुकायचाच, जावई कशाला चुकेल? त्यानं हात वर केला.

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. पाचवी गाडी भरधाव आली. साहेबानं दोन्ही कानांत बोटं घातली, तात्याच्या टाचेतून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, आणि जावयाची टोपी डोक्यावरच. तात्या त्या टोपीकडे बघत राहिला, हात खाली ठेवून. साहेबानं तिथल्या तिथं कागदावर सही केली आणि वळणाचं काम जावयाकडे दिलं.

"जावईबापू, टोपी..." तात्यानं एवढंच विचारलं.

"तुमचं वय झालं, मामा," जावई शांतपणे म्हणाला आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

तात्या पाय ओढत घरी आला. लेक आधीच आली होती. स्टुलावर चढून, पडद्यासाठी टेपनं खिडकी मोजत होती. बापाला बघून काहीतरी बोलली. तिचा आवाज लहानपणापासून नाजूक. तात्याला फक्त ओठ हलताना दिसले.

"काय म्हणतेय गं पोरगी?" त्यानं बायकोला विचारलं.

बायको भांडी पोत्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"विचारतेय, खोल्या कधी रिकाम्या करताय."