एकाच्या की दोघांच्या?

ड्वेनने लिंबाच्या वडीचा तिसरा तुकडा उचलला, तेव्हाच लोरेटाने ओळखलं की हा गडी आज सही घेतल्याशिवाय उठत नाही. पुतणजावई म्हणून घरात घेतला, आणि मेला विमा विकायला बसलाय!

"सोपं आहे, काकू. काकांना कारखान्यातून मिळालेला पैसा आमच्या कंपनीत ठेवायचा. कंपनी तो शेअर बाजारात लावते. बाजार चढला की पैसा चढतो."

"आणि पडला तर?"

"पैसाही पडतो. पण कंपनीकडून तुम्हाला मिळणारा दरवर्षीचा हप्ता ठरलेला, तो मरेपर्यंत थांबत नाही."

"ही हमी तू काय फुकट देतोस?"

"दरवर्षी थोडे कापून घेतो," ड्वेन ओशाळला. "आणि पहिल्या सात वर्षांत मोठी रक्कम काढलीत तर दंड बसतो."

लोरेटाला बाजाराची भीती नव्हती. तिचे वडील गेले आणि पेन्शनही त्यांच्याबरोबर गेली. आयोवाच्या थंडीत, म्हातारपणी, आई शाळेत पोरांची उष्टी ताटं विसळत राहिली. आपल्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. तिच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, परवाच्या तपासणीनंतर सगळं ठीक आहे असं नवऱ्याने, व्हर्जिलने, सांगितलं होतं. म्हणजे अजून बरीच वर्षं जगायचं होतं.

"आता शेवटचं," ड्वेन म्हणाला. "हप्ता एकाच्या हयातीपर्यंत की दोघांच्या? दोघांच्या घेतला तर मागे उरेल त्यालाही मिळत राहतो, पण कमी मिळतो. आणि हप्ता सुरू झाला की बदलता येत नाही."

"एकाच्या. माझ्या," व्हर्जिल ताडकन म्हणाला.

जेवायला काय करू, याचं उत्तरसुद्धा या माणसाने जन्मात कधी पटकन दिलं नव्हतं.

"तू आधी गेलास तर मी काय बर्फ खाऊ?"

"अगं, थोडा जास्त मिळतोय, म्हणून..."

"माझ्याकडे बघून बोल."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. हा माणूस कंजूष नव्हता. यानं आपल्याला हिशेबात धरलेलंच नाही, हे तिला एकदम कळलं.

"डॉक्टर तुला काय म्हणाले, व्हर्जिल?"

ड्वेन उठायला लागला. "बस खाली!" ती ओरडली. बसला बिचारा.

"तुझी गाठ परत आलीय," व्हर्जिलचा आवाज फाटला. "तूच त्यांना म्हणाली होतीस ना, वाईट असलं तर मला नको, याला सांगा. तू पुढचा उन्हाळा बघशील म्हणाले. त्यापुढचं सांगता येत नाही."

"आणि तू माझं उरकूनसुद्धा टाकलंस!"

व्हर्जिलला रडू कोसळलं. लोरेटाला मात्र नुसता संताप आला होता.

"दोघांच्या लिही," ती ड्वेनला म्हणाली.

"काकू, पैसे काकांच्या नावावर आहेत, त्यांनीच सांगायला हवं. आणि काका, मग तुम्हाला जन्मभर कमी मिळेल. काकू नसल्या तरी."

दोघंही व्हर्जिलकडे बघू लागले. त्याने बाहीने नाक पुसलं.

"दोघांच्या," तो म्हणाला. "लिही. ही असणार आहे."

ड्वेनने लिहिलं. लोरेटाने व्हर्जिलचा हात घट्ट धरला, आणि मग ती रडली.