म्हशीची धार कोण काढणार

“आधी पेशंटचं ऐकायचं. आपलं शहाणपण नंतर.” प्रशिक्षणात मनोविकारतज्ज्ञ पूर्णिमाबाईंनी सांगितलेलं कालिंदी सिस्टरला आठवत होतं; पण विहिरीपाशी ऐकू येणार कसं? निम्मं गाव तिथं लोटलं होतं.

काठावर पाय सोडून आकाराम बसला होता. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि आता म्हणे पाण्यातनं कुणीतरी हाक मारतंय, उतरून बघून येतो. कालिंदीनं १०८ला कळवलं. गारगोटीहून गाडी यायला तासभर तरी होता, म्हणून तिनं कोल्हापूरला पूर्णिमाबाईंना व्हिडिओ लावला. बाईंना पंधरा तोंडं दिसली, पेशंट सोडून. गणपतरावांनी तर संधी साधून आपला गुडघा पुढं केला.

“तो सोमवारी बघू,” बाई म्हणाल्या. दोघं धट्टेकट्टे त्याच्या हाताशी ठेवून बाकीची गर्दी त्यांनी हटवायला लावली.

मग फोन आकारामकडं वळला. हाकेची सगळी हकिगत बाईंनी मधे न तोडता ऐकली. दवाखान्याचं नाव काढताच मात्र तो उसळला. सकाळपासून गावानं त्याला देवाच्या, आईच्या शपथा घातल्या होत्या. बाईंनी नुसतं विचारलं, का नको?

“म्हशीची धार कोण काढणार? दुसऱ्याला पान्हा सोडत न्हाय ती. आईचा हात पलास्टरात हाय.”

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

कालिंदीनं धार काढली होती ती लग्नाआधी, बिद्रीजवळच्या माहेरी.

“मी काढते,” ती म्हणाली. “तू येईस्तोवर, दोन्ही वेळा.”

“लाथ मारंल, सिस्टर.”

“खाईन की.”

आकारामनं तिच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, “आदी कासंला कोमट पाणी लावा,” आणि पाय वर घेतले. शेजारच्या उदयसिंहानं त्याचा दंड धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. सोबतही तोच गेला.

गाडी वळणाआड गेल्यावर आकारामच्या आईनं, झुंबरबाईंनी, डोळे पुसले. सिस्टरचा मंगळवारचा उपास त्यांना ठाऊक होता. वरीचा भात खाऊन जा म्हणाल्या.

डेअरी बंद व्हायला अर्धा तास उरला होता. आल्यावर खाते, म्हणून कालिंदीनं पदर खोचला, बादली आणि कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि गोठ्याकडं निघाली.