तालमीतला हात

“माळाला कसली तहान, माय?” शेळ्यांपुढं बाभळीचा पाला टाकता टाकता ज्ञानबानं विचारलं.

मोहिनीनं वही खाली केली. “आबा, ह्याला चेतनगुणोक्ती म्हनतेत. जीव नसलेल्याला जीव हाय असं बोलायचं.”

“मंग खोटंच की.”

“खोटं न्हाई. अलंकार हाय.”

ज्ञानबानं पाल्याची दुसरी फांदी ओढली. पन्नास वर्षं त्यानं त्या माळावर शेळ्या चारल्या होत्या. माळ कोरडा आहे, हे त्याला ठाऊक होतं. तो तहानलेला आहे, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ज्ञानबाची नात मोहिनी नववीत होती. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार होता : तीन वर्षं माळावर चराईबंदी. गवत वाढेल, पाणी मुरेल, विहिरी उन्हाळ्यात टिकतील. ठरावाच्या बाजूनं बोलायला शाळेतल्या साधनाबाईंनी मोहिनीला निवडलं होतं. तिच्या घरी सतरा शेळ्या आहेत आणि त्या त्याच माळावर चरतात, हे बाईंच्या ध्यानात आलं नसावं. मोहिनीच्या आलं होतं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “आबा, करू का नको भाषन?”

“कर की. बाईनं एवढ्या लेकरांतून तुला काढलं.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी गोठ्यात तालीम चाले. ऐकायला एकटा ज्ञानबा. एकच शब्द तीनदा म्हटला की तो डोक्यात बसतो, हे त्याला कळलं. ‘तुमी’ म्हणण्यापेक्षा ‘आपण’ म्हटलं की माणूस मऊ होतो, हेही पटलं. प्रश्नाचं मात्र जमेना.

“हिरवा माळ कुणाला नको आहे?” मोहिनी छापील मराठीत विचारी.

“धनसिंगाला. त्याच्या शेळ्या कुठं चरतील?”

“आबा, ह्याचं उत्तर द्यायचं न्हाई.”

“मंग इचारतीस काहून?”

“लोकायनं मनातल्या मनात द्यावं म्हनून.”

“अन् मनातलं तुला कसं कळंल?”

मोहिनी कपाळाला हात लावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेवटचं वाक्य होतं, ‘हा माळ ज्याला आपला वाटतो, त्यानं हात वर करावा.’ एकाचा वर गेला की बाकीच्यांचे जातात, असं बाईंनी सांगितलं होतं. समोर हात दिसेपर्यंत मोहिनीचा जीव टांगणीला लागे, म्हणून ज्ञानबा रोज हात वर करी. पंधरा दिवस हेच चाललं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी माळावर धनसिंग भेटला. तो तांड्यावरचा, तीस वर्षं दोघांच्या शेळ्या एकत्र चरत.

“नात भाषन करून राहिली, अन् पाय आपल्याच पोटावर.”

“बोलू दे लेकराला. तिचं झालं की मी उठतो. नाल्याकडचा अर्धा माळ चराईला सोडा म्हनतो.”

“बराबर. तुमी बोला, ज्ञानबाभाऊ. आमी शेरडंवाले तुमच्याकडंच पाहू.”

झेंडावंदनानंतर सभा शाळेच्या पटांगणात बसली. मोहिनी उभी राहिली. ज्ञानबाला पुढचं सगळं पाठ होतं. आता तोच शब्द तीनदा येणार, आला. आता प्रश्न, तोही आला. कुणी उत्तर दिलं नाही. मग माळाला तहान लागली, आणि अलंकार आहे हे माहीत असूनही ज्ञानबाचा घसा कोरडा पडला.

“हा माळ ज्याला आपला वाटतो, त्यानं हात वर करावा.”

कुणी हललं नाही. मोहिनीचा आवाज थांबला. तिचे डोळे गर्दीत फिरले आणि आजोबांवर येऊन थांबले.

ज्ञानबाचा हात वर होता. कधी गेला, त्याला कळलं नाही.

धनसिंगानं त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हळूच आपला हात वर केला. त्याच्यामागं शेळ्यावाल्यांची अख्खी ओळ. तेच हात मोजले गेले आणि ठराव मंजूर झाला. नाल्याचं बोलायचं राहूनच गेलं.

“काय केलं हे?” वाटेत धनसिंगानं विचारलं. “नातीच्या बोलन्याला भुलले व्हय?”

“भुलायला काय होतं? ती काय करनार ते सगळं मला आधीच ठाऊक होतं.”

“मंग?”

“तेच तर उमगंना.”

संध्याकाळी मोहिनी गोठ्यात आली. हातात वही नव्हती. “आबा, धनसिंगबाबा सांगत होते, तुमी अर्धा माळ मागनार होते ना?”

“व्हय.”

“मंग हात काहून वर केला?”

ज्ञानबानं तिच्याकडं पाहिलं. “ह्याचं उत्तर द्यायचं असतं का, माय?”

“ह्याचं द्यायचं असतं.”

त्यानं पाल्याची पेंढी सोडली. सवय होती, का लेकराची नजर, का खरंच त्या माळाची तहान? तो पाला टाकत राहिला.

सकाळी त्यानं फाटक उघडलं. तांबडी शेळी रोजच्यासारखी पुढं निघाली आणि बाकीच्या तिच्यामागं. माळाच्या पायथ्याशी चराईबंदीच्या हद्दीचे चुना लावलेले दगड मांडले होते. ज्ञानबानं काठी आडवी धरली. तांबडी थांबली, पण तोंड माळाकडंच ठेवून उभी राहिली.

त्यानं काठी उगारली नाही. दगडाशेजारी उभा राहून तिच्या मानेवर हात ठेवला आणि तोही तिकडंच पाहत राहिला. बऱ्याच वेळानं तांबडी आपणहून वळली. मग तो वळला.