एकाच मालकाने वापरलेलं विमान

आमच्या ह्यांनी विमान घेतलं. ऑनलाइन. लोक ऑनलाइन कढई घेतात, चपला घेतात, साइज चुकला की परत पाठवतात. उद्धवरावांनी विमान घेतलं, तेही जुनं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'महायुद्धाच्या काळातलं, दोन आसनी, एकाच मालकाने वापरलेलं, चालू स्थितीत.' मी म्हटलं, "अहो, तो मालक आता शंभरी ओलांडून बसला असेल, त्याला एक फोन तरी करा." तर म्हणे, विकणारे साहेब सैन्यात आहेत, बदलीच्या गडबडीत आहेत, फक्त मेसेजवर बोलतात.

आता हा माणूस जन्मभर कंपनीत क्वालिटीला होता. स्क्रूचा आटा केसभर कमी दिसला तर अख्खा लॉट परत पाठवायचा. अजूनही भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकू देत नाही. आणि विमान घेतलं नुसते फोटो बघून, पैसे आधी भरून. तरुणपणी चष्म्यापायी पायलट व्हायचं राहिलं होतं, ते इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मलाही कधी बोलले नव्हते.

विमान ट्रेलरवरून आलं. निगडीला आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला भांडणं होतात, तिथं विमान कुठं ठेवणार? मग ते गेलं चाकणला, नूरमोहम्मदभाईंच्या शेडमध्ये. ते ह्यांचे कंपनीतले जुने दोस्त, आता फोर्कलिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी विमानाला एक चक्कर मारली, पुढून वाकून बघितलं आणि विचारलं, "उद्धवराव, इंजिन कुठंय?"

"मागनं येतंय. कुरिअरनं," हे म्हणाले.

भाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

इंजिन यायच्या आधीच ह्यांनी पूजा ठेवली. कंपनीतले रिटायर झालेले सगळे बोलावले, सोसायटीतले बोलावले. मी काठापदराची साडी नेसून हजर. नवीन गाडीची पूजा करायची तर आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कुंकवानं स्वस्तिक काढायचं. मी पंखावरून फडकं फिरवलं तर चंदेरी रंग फडक्यावर आला आणि पंखावर मिशी आली. आणखी पुसलं. मिशीखाली हसू निघालं, हात जोडलेले निघाले, आणि खाली ठळक अक्षरांत 'भावी नगरसेवक भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. फ्लेक्स होता तो. लाकडी पट्ट्यांवर फ्लेक्स ताणून वर रंग फासला होता. कुठल्यातरी मंडळानं गणपतीत केलेली सजावट होती ती.

मी हसले. सगळ्यांच्या आधी मीच. मग सगळी शेड हसली. हे ताम्हन हातात धरून उभे होते.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच बंद झालं. चहा दिला की प्यायचे, जेवण वाढलं की जेवायचे, बाकी भिंतीकडं तोंड. विकणाऱ्याचं अकाउंट केव्हाच गायब झालं होतं. पोलिसात चला म्हटलं, तर एवढंच म्हणाले, "तिथं जाऊन काय सांगू? मूर्ख आहे म्हणून लिहून घ्या?"

"मग नाही आहात का?" माझी जीभ ही अशी.

मग एक दिवस नूरमोहम्मदभाईंचा फोन आला. "भाभी, उद्धवरावांनी विमानाला परत रंग मारलाय. उद्या अंबाजोगाईहून गिऱ्हाईक येतंय." मी ह्यांनी टाकलेली जाहिरात उघडून बघितली. शब्दन्‌शब्द तीच. चालू स्थितीत. समोरच्यानं खरंच त्यात कुठलं इंजिन बसवलं आणि उडायला गेला तर? आणि नाही उडाला तरी, आमच्या ह्यांनी कधी कुणाची फसवणूक केली नव्हती. ती सुरू झाली तर माझा माणूस मला परत मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी ते चाकणला निघाले, तशी मीही गाडीत जाऊन बसले.

गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मणराव, एसटीतले रिटायर ड्रायव्हर. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेले. विमान दिसल्यावर चपला बाहेर काढून आत आले. पंखावर तळवा ठेवून म्हणाले, "घाटात गाडी चालवताना नेहमी वाटायचं बघा, स्टेअरिंग जरा वर ओढावं आणि जावं निघून." मग हळूच विचारलं, "उडतं ना हो, साहेब?"

मी पदर आवळून उभी. ह्यांनी खिशातला रुमाल काढला, प्यायच्या पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि पंख पुसायला लागले. भाऊंची मिशी बाहेर आल्यावर थांबले. "नाही उडत. मलाही असंच फसवलं. आणि मी तुम्हाला फसवायला निघालो होतो."

लक्ष्मणराव तिथल्या उलट्या डब्यावर मटकन बसले. "पोरं म्हणत होती, म्हातारा डोक्यावर पडलाय. खरंच की."

हे त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. "अजिबात नाही. तुम्ही मूर्ख नाही, लक्ष्मणराव. तुम्हाला विमान हवं होतं, त्यात लाजायचं काय? हरामखोर फसवणारा असतो. त्यात आज मीपण आलो."

लक्ष्मणरावांनी आल्या आल्या दिलेला पेढ्यांचा बॉक्स उगाच माझ्या हातात होता.

येताना तळेगाव चौकात कंटेनरच्या मागं अडकलो. गाडी इंचभर हलेना. मी समोर बघतच म्हटलं, "तुम्हीसुद्धा मूर्ख नाही."

त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "हे तू म्हणशील म्हणून पूजेच्या दिवसापासनं वाट बघत होतो."